चाळिशीनंतर शिक्षकी पेशात यायचंय? पावलांचा क्रम असा ठेवा

पंचेचाळिशीत नोकरी गेली, किंवा जाणार असं दिसू लागलं, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "तुला समजावून सांगायला छान जमतं, शाळेत का नाही बघत?" आठवड्याभरात माणूस बी.एड. कॉलेजची चौकशी करून येतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. फी भरून दोन वर्षं घालवल्यावर कळतं की आपल्या पदवीच्या विषयाला दहावीपर्यंत जागाच नाही. किंवा ज्या सरकारी भरतीच्या भरवशावर हे सगळं केलं, तिची वयोमर्यादा आपण केव्हाच ओलांडली होती.

शाळेच्या निवड समितीत बसताना असे उमेदवार मला दरवर्षी भेटतात. हुशार असतात, कष्टाळू असतात, फक्त पावलं उलट्या क्रमानं टाकून आलेले असतात. पुढचे टप्पे महाराष्ट्रात राहणाऱ्या, पदवीधर, चाळीस ते पंचावन्न वयाच्या माणसासाठी लिहिले आहेत. टप्पे याच क्रमानं घ्या. विशेषतः पहिल्या तीन टप्प्यांआधी कुठल्याही कॉलेजला एक रुपयाही देऊ नका.

## टप्पा १: आधी घरचा हिशेब मांडा, जुन्या क्षेत्रातला शोध चालूच ठेवा

बी.एड. दोन वर्षांचं आहे, आणि नियमित वर्ग असल्यानं सोबत पूर्णवेळ नोकरी जमत नाही. घरखर्च महिन्याला ४०,००० रुपये धरला, तर दोन वर्षांचे ९,६०,००० रुपये झाले. त्यात कॉलेजची फी, मुलांच्या शिक्षणाचे ठरलेले हप्ते आणि निकालापासून पहिल्या पगारापर्यंतचे निदान सहा महिने मिळवा. ही रक्कम कुठून येणार, हे नवरा-बायकोनं समोरासमोर बसून कागदावर लिहायचं. "बघू, होईल काहीतरी" हे उत्तर चालणार नाही.

दुसरा हिशेब वर्षांचा. महाराष्ट्रातल्या शाळांत शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. ४६ व्या वर्षी बी.एड.ला प्रवेश घेतलात तर ४८ व्या वर्षी बाहेर पडाल आणि हातात फार तर दहा वर्षं राहतील. त्या दहा वर्षांसाठी हा खर्च योग्य ठरू शकतो. ५२ व्या वर्षी मात्र तोच निर्णय बहुतेकांसाठी चुकीचा असतो. त्यांनी पुढच्या टप्प्यातले बी.एड. न लागणारे मार्ग आधी वाचावेत.

नोकरी सुटायच्या आधी दोन कामं उरका. कंपनीच्या गट आरोग्य विम्याचं संरक्षण शेवटच्या दिवशी संपतं, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज ते चालू असतानाच करा. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हे काम एक दिवसही पुढे ढकलू नका. दुसरं म्हणजे, पीएफ काढून रिकामं करू नका. दहा वर्षांची पेन्शनपात्र सेवा भरली तर पुढे पेन्शन मिळते. आठ-नऊ वर्षं झालेल्या माणसानं पैसे काढून घेतले की तो हक्क गेला. नव्या नोकरीत खातं वर्ग करता येतं.

हे चालू असताना आपल्या जुन्या क्षेत्रात अर्ज करणं थांबवू नका. आठवड्यातले ठरावीक दिवस त्यालाच द्या. शिकवण्याचा विचार डोक्यात आला की लोक जुन्या ओळखींना फोन करणं सोडतात. वर्षानं दोन्ही दारं बंद झालेली असतात.

तपासा: अडीच वर्षांचा खर्च, विमा आणि पीएफ, या तिन्हींसमोर ठोस उत्तर लिहिलेलं आहे का? नसेल तर पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि अर्धवेळ मार्ग शोधा.

## टप्पा २: कुठे आणि कुणाला शिकवणार, ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. "शिक्षक व्हायचंय" एवढ्यानं काही ठरत नाही. कुठली इयत्ता, कुठला विषय, कुठलं माध्यम, कुठल्या प्रकारची संस्था, ही चार उत्तरं हवीत. पात्रता, वय आणि पगार त्यांवरच ठरतात.

जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळा. ही भरती राज्याच्या शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवरून होते. राज्याच्या सरकारी भरतीत वयाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. माजी सैनिक, दिव्यांग अशा गटांना वेगळी सवलत असते. म्हणजे खुल्या गटातल्या ४५ वर्षांच्या माणसानं हा मार्ग मनातून काढलेला बरा. वयात बसत असाल, तर निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात, हेही गृहीत धरा. २०२३ मध्ये वाढ झाल्यापासून हे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे.

केंद्रीय विद्यालयं. कायम पदांसाठी आजवरच्या जाहिरातींत प्राथमिकला ३०, पदवीधर शिक्षकाला ३५ आणि पदव्युत्तर शिक्षकाला ४० अशी मर्यादा राहिली आहे, आणि महिलांना दहा वर्षांची सवलत मिळत आली आहे. चाळिशी ओलांडलेल्या पदव्युत्तर महिलांनी हे लक्षात ठेवावं, कारण अनेकजणी वयाचा आकडा बघूनच जाहिरात मिटवतात. शिवाय प्रत्येक केंद्रीय विद्यालय दरवर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कंत्राटी शिक्षकांच्या थेट मुलाखती घेतं. तिथे वयाची मर्यादा ६५ पर्यंत असते. जाहिरात त्या त्या शाळेच्या संकेतस्थळावर येते, वर्तमानपत्रात दिसेलच असं नाही.

खासगी विनाअनुदानित शाळा. इथे वयाचा अडसर सर्वात कमी, म्हणून मध्यमवयीन माणसाला खरी संधी इथेच आहे. पगार मात्र शाळेगणिक इतका बदलतो की चार शाळांत प्रत्यक्ष विचारल्याशिवाय अंदाज बांधू नका. सीबीएसई शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून त्यांची निवड जानेवारी ते मार्चमध्ये उरकते. राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात, त्यांची धावपळ एप्रिल-मेमध्ये असते. ऑगस्टमध्ये अर्ज घेऊन फिरणाऱ्याला बहुतेक फक्त प्रसूती रजेवरच्या बदली जागा मिळतात. पण त्याही नाकारू नका, तोही अनुभवच असतो.

कनिष्ठ महाविद्यालय, म्हणजे अकरावी-बारावी. पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. दोन्ही लागतात. बी.कॉम. झालेल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. दहावीपर्यंत वाणिज्य हा स्वतंत्र विषय बहुतेक शाळांत नसतो. नुसत्या बी.कॉम.वर बी.एड. केलेल्या माणसाला शाळा विचारते, "तुम्ही नक्की कुठला विषय घेणार?" आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. त्यामुळे एम.कॉम. आधी पूर्ण करा, बी.एड. त्यानंतर.

पदवी महाविद्यालय. बी.एड. लागत नाही. ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्य) ही पात्रता परीक्षा लागते. सहायक प्राध्यापक पदाच्या नेटला वयाची अट नाही, वयोमर्यादा फक्त जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीला आहे. नेट वर्षातून दोनदा होते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. कायम जागा दुर्मीळ आहेत, सुरुवात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर होते. तासिका तत्त्वाचं मानधन महिन्याच्या महिन्याला हातात पडेल असं समजू नका, ते अनेक ठिकाणी सत्राच्या शेवटी येतं. बँक, उद्योग किंवा प्रशासनात वरिष्ठ पदावर १५ वर्षं काढली असतील, तर विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) २०२२ मध्ये आणलेल्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची चौकशी करा. तिथे नेट लागत नाही, पण मुदत ठरावीक वर्षांचीच असते.

आयटीआय आणि तंत्रनिकेतन. कारखान्यात वीस वर्षं काढलेली माणसं शाळांचे उंबरे झिजवतात आणि हा मार्ग त्यांना कुणी सांगतच नाही. आयटीआयमधल्या शिल्प निदेशकाला बी.एड. लागत नाही. त्याच्यासाठी सीआयटीएस हा एक वर्षाचा प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे, आणि तो मुंबईतल्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेतही चालतो. खासगी आयटीआयना टर्नर, फिटर, इलेक्ट्रिशियन शिकवणारी हात काळे केलेली माणसं हवीच असतात. प्रथम श्रेणीतली बी.ई. असेल तर तंत्रनिकेतनात अभ्यागत व्याख्याता म्हणून तास मिळतात का, ते विचारा.

विशेष शिक्षक, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणारे. सीबीएसईनं संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमणं बंधनकारक केलं आहे आणि पात्र माणसं कमी आहेत. यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडची नोंदणी लागते. साधं बी.एड. इथे चालत नाही. काम अतिशय संयमाचं आहे. घरात किंवा नात्यात विशेष गरजा असलेलं मूल वाढवलेली माणसं इथे फार चांगली रुजतात.

खासगी क्लास आणि घरच्या शिकवण्यांना बी.एड.ची अट नाही. मात्र शाळेत नोकरी लागल्यावर शिकवणी चालू ठेवता येणार नाही, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे.

थांबा: "सरकारी, खासगी, काहीही चालेल" असं लिहून पुढे जाऊ नका. एक मुख्य आणि एक पर्यायी मार्ग निवडा. मग त्या मार्गातल्या तीन प्रत्यक्ष जाहिराती मिळवून वय, पदवी, टक्के आणि विषय या चार ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारा. चारपैकी एका ओळीत जरी बसत नसाल तरी मार्ग बदला, मनाची समजूत काढत बसू नका.

## टप्पा ३: फी भरण्याआधी वर्गात उभं राहून बघा

ऑफिसात नव्या मुलांना प्रशिक्षण दिलं, सोसायटीत भाषण केलं, स्वतःच्या मुलांचा अभ्यास घेतला. यातल्या कशावरूनही चाळीस मुलांचा वर्ग झेपेल की नाही हे कळत नाही. त्यासाठी वर्गच हवा.

आपल्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा आणि आठवड्याचे दोन-तीन तास विनामोबदला घेऊ द्याल का, असं विचारा. महापालिका शाळांत काम करणाऱ्या संस्था, वस्तीतल्या अभ्यासिका आणि मुंबईतल्या रात्रशाळाही चांगल्या. निदान महिनाभर एकाच वर्गाला शिकवा. पहिल्या तासाला मुलं पाहुणा म्हणून शांत बसतात. तिसऱ्या आठवड्यात ती जशी वागतील, तशी नोकरी असणार आहे.

या महिन्यात स्वतःकडे बघा. सलग चार तासांनंतर घसा बसतो का? गुडघे दुखतात का? तोच प्रश्न पाचव्यांदा आला की आवाज चढतो का? तीस वह्या तपासताना शेवटच्या दहा नुसत्या बरोबरच्या खुणा करत उरकता का? यातलं बरंचसं सरावानं सुधारतं, पण मुलांचा मुळातच वैताग येत असेल तर तो दोन वर्षांच्या पदवीनं जाणार नाही. तसं वाटलं तर मोठ्यांना शिकवण्याचा मार्ग धरा. आयटीआय, कॉलेज, कंपन्यांचं प्रशिक्षण हे सगळं शिकवणंच आहे.

## टप्पा ४: कागदपत्रं गोळा करा

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गुणपत्रकं कपाटात सापडत नाहीत, आणि हे प्रवेशाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी कळतं. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मिळायला आठवडे लागतात. म्हणून हे काम आधी:

१. दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व वर्षांची गुणपत्रकं, पदवी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला.

२. अधिवास प्रमाणपत्र. आरक्षण असल्यास जातीचा दाखला, जात वैधता आणि चालू वर्षाचं नॉन क्रिमीलेअर. जात वैधतेचा अर्ज आजच करा, हा कागद सर्वात उशिरा येतो.

३. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र.

४. आधीच्या नोकऱ्यांची अनुभव प्रमाणपत्रं आणि कार्यमुक्तीचं पत्र.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांची सर्वात जास्त अडचण इथेच होते. पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधलं नाव गायब. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि गरज पडल्यास राजपत्रातली नावबदलाची प्रत काढून ठेवा. अर्ज भरताना नाव दहावीच्या गुणपत्रकाप्रमाणे मागितलं आहे की आधारप्रमाणे, ती सूचना दोनदा वाचा.

तपासा: सगळ्या कागदांवरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का?

## टप्पा ५: अभ्यासक्रम निवडा आणि प्रवेश घ्या

पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षक प्रशिक्षणाची पदविका), सहावीपासून पुढे बी.एड., हे पक्कं ध्यानात ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं की बी.एड. ही प्राथमिक वर्गांसाठीची पात्रता नाही. तरीही "बी.एड. केलं की पहिलीपासून बारावीपर्यंत सगळं खुलं" असं सांगणारे सल्लागार अजून भेटतात.

बी.एड.ला वयाची कमाल मर्यादा नाही. पदवीला खुल्या गटात ५० टक्के आणि राज्यातल्या मागासवर्गीयांना ४५ टक्के लागतात. प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीतून आणि नंतरच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून होतो. अर्ज साधारण हिवाळ्यात सुरू होतात आणि परीक्षा मार्च-एप्रिलच्या सुमारास असते. जूनमध्ये चौकशीला निघालेल्या माणसाचं ते वर्ष गेलेलं असतं. इंग्रजी माध्यमाचं बी.एड. हवं असेल तर इंग्रजीची वेगळी चाचणीही द्यावी लागते, अर्ज भरतानाच तो पर्याय निवडायला विसरू नका.

सीईटीत बुद्धिमापन, सामान्य ज्ञान आणि अध्यापन अभियोग्यता असते. चाळिशीतल्या माणसाला ज्ञान कमी पडत नाही, वेग कमी पडतो. संगणकावर वेळ लावून सराव चाचण्या सोडवा, पुस्तक वाचत बसू नका.

आता सर्वात महाग पडणारी चूक. "नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.एड. करतो" असं पुष्कळजण ठरवतात. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं आणि इग्नूचं दूरशिक्षण बी.एड. हे मुळात शिक्षक म्हणून सेवेत असलेल्या किंवा आधी शिक्षक प्रशिक्षण घेतलेल्या माणसांसाठी आहे. कंपनीत हिशेबनीस असलेल्या माणसाला ते मिळत नाही. यासाठी कुणी शाळेचं खोटं अनुभव पत्र देऊ केलं तर तिथून उठून या. ते पत्र पुढे कुठल्याही पडताळणीत पदवीसकट तुम्हाला बुडवेल.

तसंच "वर्गाला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" म्हणणारं कॉलेज. एनसीटीईच्या, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमांत तासांना ८० टक्के आणि छात्रसेवाकाळाला (शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या काळाला) ९० टक्के हजेरी सांगितली आहे, आणि शाळेतलं काम एकूण वीस आठवड्यांचं आहे. तेच खरं शिक्षण आहे. ते चुकवून आलेला उमेदवार फळ्यासमोर उभा राहिला की पाच मिनिटांत ओळखू येतो.

अध्यापन पद्धतीचे विषय निवडताना पदवीचे विषय आणि टप्पा २ मधल्या जाहिराती समोर ठेवा. इतिहासाच्या पदवीधरानं केवळ मागणी आहे म्हणून गणित घेऊ नये. शाळा पदवीचे विषय बघते.

तपासा: कॉलेजला एनसीटीईची मान्यता चालू आहे का, विद्यापीठाची संलग्नता आहे का, आणि शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली फी किती आहे? तिन्ही गोष्टी त्या त्या संकेतस्थळांवर मिळतात. कॉलेजच्या माहितीपत्रकावर भिस्त ठेवू नका.

## टप्पा ६: परीक्षा, कुठली आणि केव्हा

टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, पहिली ते आठवीला शिकवायला लागते. टेट ही अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची, पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी. वयामुळे पवित्रमध्ये बसत नसाल तर टेटच्या क्लासवर पैसे घालवू नका.

राज्याची टीईटी पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. पेपर १ पहिली ते पाचवीसाठी, पेपर २ सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, आरक्षित गटांना राज्याच्या टीईटीत ५५. प्रमाणपत्र आता आजीवन वैध आहे, त्यामुळे बी.एड.च्या दुसऱ्या वर्षात असतानाच बसून टाका. बालमानसशास्त्राचे ३० गुण अनुभवावर मिळतील असं समजू नका. तिथे पियाजे, वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत नीट वाचावे लागतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची असल्याचा निकाल दिला. म्हणून "आमच्या शाळेत टीईटी लागत नाही" असं पहिली ते आठवीच्या बाबतीत कुणी म्हणालं, तरी तुम्ही ती करूनच घ्या.

थांबा: गुण वाढवून देणारा दलाल भेटला तर त्याचा फोन नंबर ब्लॉक करा. २०१९ च्या टीईटीत असे गुण वाढवून घेतलेल्या साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेनं कारवाई केली.

## टप्पा ७: बायोडेटा

दोन पानं पुरेत. वरच्या तीन ओळींत विषय, इयत्ता, माध्यम, पात्रता. त्याखाली महिनाभर शिकवलेला वर्ग आणि छात्रसेवाकाळ. जुनी नोकरी त्यानंतर, तीही शाळेच्या उपयोगाची तेवढीच. "कोटींची उलाढाल सांभाळली" हे मुख्याध्यापकांच्या कामाचं नाही. "प्रयोगशाळेची खरेदी आणि नोंदवह्या सांभाळू शकतो" हे कामाचं आहे. नोकरीत खंड असेल तर वर्ष आणि कारण एका ओळीत लिहा. लपवलेला खंड मुलाखतीत दहा मिनिटं खातो. अर्ज ईमेलनं पाठवलात तरी एक प्रत शाळेच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या.

## टप्पा ८: डेमो तास

निवड इथेच होते, मुलाखत पुष्कळदा उपचारापुरती असते. वेळ पंधरा-वीस मिनिटांची. समजा, आठवीचा चक्रवाढ व्याज हा घटक दिला आहे आणि तुम्ही बँकेतून आला आहात.

बहुतेक उमेदवार इथे बँकेतल्या अनुभवाची पाच मिनिटं प्रस्तावना करतात, वर्गाकडे पाठ करून सूत्र लिहितात आणि पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीकडून उत्तर वदवून घेतात. हातात अनुभव असून तो वाया जातो.

त्याऐवजी फळ्यावर डाव्या कोपऱ्यात एवढंच लिहा: १०,००० रुपये, दर १० टक्के, २ वर्षं. व्याज किती, विचारा. वर्ग म्हणेल २,०००. "चूक" म्हणू नका, आकडा तसाच लिहून ठेवा. मग विचारा, पहिल्या वर्षाचे १,००० रुपये व्याज खात्यात जमा झाले, आता खात्यात किती? ११,०००. दुसऱ्या वर्षी बँक व्याज कशावर देईल? मागच्या बाकावरच्या मुलाला नाव विचारून बोलतं करा. ११,००० वर १,१०० येतं, एकूण २,१००. आता दोन्ही आकडे शेजारी लिहा आणि विचारा, "हे १०० रुपये जास्तीचे कुठून आले?" इथे गप्प राहा. नवख्या शिक्षकाला ही शांतता सोसवत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. "व्याजावर व्याज" हे शब्द मुलाच्या तोंडून येऊ द्या. सूत्र शेवटच्या चार मिनिटांत, तेही याच उदाहरणातून. धडा पूर्ण होत नाही म्हणून घाबरू नका, पूर्ण धड्याची कुणाची अपेक्षा नसते.

समितीपुढे टाचणाची, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याची, छापील प्रत ठेवा. घरी फळ्यावर लिहायचा सराव करा. वीस वर्षं कीबोर्ड वापरलेल्या माणसाची ओळ फळ्यावर उजवीकडे उतरत जाते.

मुलाखतीत दोन प्रश्न येतीलच. "तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान पर्यवेक्षिकेच्या हाताखाली काम कराल का?" नुसतं हो म्हणू नका, जुन्या नोकरीतलं असं एक उदाहरण सांगा. आणि "एवढ्या कमी पगारात टिकाल का?" टप्पा १ चा कागद नीट केला असेल, तर तुमच्याकडे स्पष्ट आकडा असेल. तो सांगा.

## टप्पा ९: नेमणुकीचं पत्र वाचा, मगच रुजू व्हा

पत्रात पद, पगार, पूर्णवेळ की तासिका, कालावधी, आणि मे महिन्याचा पगार मिळणार का, हे लेखी हवं. "एप्रिलपर्यंत करार, जूनमध्ये नवा" असं असेल तर तो दहा महिन्यांचा पगार समजून घरचा हिशेब पुन्हा करा. पीएफ कापणार का, विचारा. पगार पूर्ण रकमेनं बँकेत जमा करून त्यातला काही भाग रोख परत मागणारी शाळा नको. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ठेवायला द्यायची नाहीत. साक्षांकित प्रती द्या आणि पोच घ्या.

अनुदानित शाळेत पैसे भरून जागा मिळवून देतो, असं कुणी म्हणालं तर नीट ऐका. अशा जागेला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते, त्यानंतर शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक) मिळतो, आणि तेव्हाच सरकारी पगार सुरू होतो. नागपुरात २०२५ मध्ये बोगस शालार्थ आयडींचं प्रकरण उघडकीला आलं. भविष्य निर्वाह निधीचे आयुष्यभराचे पैसे अशा जागेसाठी देऊन बसलेली माणसं नंतर कुणाकडे दादही मागू शकत नाहीत.

सोडण्याची अटही वाचा. खासगी शाळा कर्मचारी नियमांप्रमाणे कायम शिक्षकाला तीन महिन्यांची आणि इतरांना एक महिन्याची सूचना द्यावी लागते.

तपासा: सही केलेल्या पत्राची प्रत घरी आली का? पोलिस पडताळणीचा अर्ज केला का?

पत्र हातात आल्यावर शाळेकडून पाठ्यपुस्तकं, वार्षिक नियोजन आणि मागच्या वर्षाच्या प्रश्नपत्रिका मागून घ्या, आणि पहिल्या दोन आठवड्यांचं टाचण रुजू होण्याआधीच लिहा. शाळा सुरू झाल्यावर ते लिहायला वेळ मिळत नाही. पहिल्या महिन्यात आपल्या मोकळ्या तासाला त्याच विषयाच्या जुन्या बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची परवानगी मागा. मुख्याध्यापक सहसा नाही म्हणत नाहीत.